सजवलेला फ्लॅट आणि लक्षात राहणारा मुक्काम

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आणि उलवे, पनवेल, खारघर या भागांत रिकामा फ्लॅट दिवसांच्या हिशेबाने भाड्याने देण्याच्या चर्चेला जोर आला. ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रस्त्याच्या नव्या संकुलांत, हा व्यवसाय आधीपासूनच चालू आहे. या चर्चेत एक प्रश्न हमखास विचारला जातो: आपला फ्लॅट वेगळा कसा करायचा, तो पाहुण्याच्या लक्षात कसा राहील? त्याला मिळणारे उत्तर मात्र दर वेळी सजावटीचे असते. भिंतीचा रंग बदला, अमुक दिवा लावा, तमुक झोपाळा टांगा. वेगळा दिसणारा फ्लॅट आणि लक्षात राहणारा मुक्काम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, त्यांना लागणारा खर्च निराळा आहे आणि त्यांचे काम करण्याची वेळही निराळी आहे. तरीही पहिली गोष्ट केली की दुसरी आपोआप होते असे समजून लोक लाखभर रुपये घालवतात आणि मग पाहुणे परत का येत नाहीत याचे नवल करतात.

सजावटीविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. गुलाबी अक्षरांची निऑन पाटी, प्लॅस्टिकच्या पानांची हिरवी भिंत, बाल्कनीत कृत्रिम हिरवळ आणि वेताची टांगती खुर्ची, छताच्या कडेने एलईडीची पट्टी. हे सर्व सामान एकाच प्रकारच्या दुकानांतून येते, त्यामुळे वेगळेपणासाठी आणलेल्या या वस्तूंनीच ठाण्यातला फ्लॅट आणि गुरुग्राममधला फ्लॅट फोटोत सारखे दिसू लागले आहेत. निऑन पाटीबद्दल माझे मत पक्के आहे: ती काढून टाकावी आणि त्या जागी वाचायला पुरेसा उजेड देणारा साधा दिवा लावावा.

स्वच्छ चादरी, गरम पाणी, चालणारे वाय-फाय आणि न गळणारा नळ यांना तर या दोहोंपैकी कशातच धरू नये. त्या असल्या म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाहीत, नसल्या तर मात्र कायमच्या लक्षात राहतात.

खरा घोळ यापुढे आहे. सजावटीचे काम पाहुणा येण्याच्या आधी असते. तो फोनवर फोटो पाहतो, दहा फ्लॅटमधून एक निवडतो, आणि तेवढ्यात सजावटीने आपले बहुतेक काम संपवलेले असते. आत शिरल्यावर तो ती एकदा पाहतो, एखादा फोटो काढतो आणि पहिल्या तासाभरात ती त्याच्यासाठी साधी भिंत होऊन जाते. आठवण मात्र पाहिलेल्या वस्तूची फारशी टिकत नाही, केलेल्या गोष्टीची टिकते. पाहुणा घरी परतल्यावर शेजाऱ्यांना काय सांगतो याचा विचार करावा. ‘भिंतीवर छान चित्र होते’ असे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘पहाटे उठून आम्ही खाडीवर गेलो’, ‘खालच्या मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या करून दिल्या’, ‘आईला चार पावलेही चालावे लागले नाही’, असे लोक सांगतात. तेव्हा कोणतीही वस्तू घेण्याआधी किंवा कोणतीही सोय करण्याआधी एकच कसोटी लावावी: हिच्यामुळे पाहुण्याला असे काही करता येईल का, जे दुसऱ्या घरात उतरला असता तर त्याला करता आले नसते? उत्तर ‘हो’ असेल तर ती मुक्कामाची गोष्ट, ‘नाही’ असेल तर ती सजावट.

सीवूड्सच्या फ्लॅटचे उदाहरण घेऊ, कारण तिथे हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. नवी मुंबईला फ्लेमिंगोंचे शहर म्हणवून घेण्याची हौस आहे आणि ती रास्तही आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. मग फ्लॅटमालक काय करतात? दिवाणखान्याच्या एका भिंतीला फ्लेमिंगोंचा वॉलपेपर, उशांवर फ्लेमिंगो, स्नानगृहाच्या पडद्यावर फ्लेमिंगो. पाहुणा फेब्रुवारीत येतो, खरे हजारो पक्षी त्याच्यापासून थोड्याच अंतरावर असतात, आणि तो उशीवरचे पाहून परत जातो. कारण त्याला एक गोष्ट कोणी सांगितलेली नसते: हे पक्षी घड्याळाप्रमाणे नव्हे, भरती-ओहोटीप्रमाणे जागा बदलतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते चरण्यासाठी तिथे पसरतात, आणि पाणी चढले की नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल सकाळी आठला दिसले तिथे चार दिवसांनी आठ वाजता गेल्यास रिकामे पाणी किंवा नुसता चिखल पाहायला मिळतो.

अशा वेळी स्वयंपाकघराच्या दारावर एक लहान फळा टांगावा आणि त्यावर त्या त्या दिवसाच्या भरतीची व ओहोटीची वेळ लिहावी. दूर राहणाऱ्या मालकाने ती सकाळी संदेशाने पाठवावी. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवला तर पाहुण्याची मुले भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी शोधतात, गणित करतात आणि ते जुळते का हे पाहायला आईवडिलांना ओढून नेतात. वॉलपेपरच्या मानाने फळ्याला काहीच खर्च येत नाही. त्याला लागते ती रोजची दोन मिनिटे, आणि हीच गोष्ट मालकांना जड वाटते. सजावट एकदा करून विसरता येते, मुक्कामाकडे रोज पाहावे लागते. पक्षी साधारण हिवाळ्यापासून मेपर्यंत असतात, पुढे पावसाळ्यात फळ्यावरचा मजकूर बदलला पाहिजे हेही ओघाने आलेच.

दुसरे उदाहरण पत्त्याचे, ज्याकडे सजावटीच्या चर्चेत कोणाचेच लक्ष जात नाही. नवी मुंबईत सेक्टरचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरुळ यांसारख्या प्रत्येक उपनगरात, पुन्हा एकपासून सुरू होतात. वाशीलाही सेक्टर १७ आहे, नेरुळलाही आहे. येथे राहणाऱ्याला हे इतके अंगवळणी पडलेले असते की तो नागपूरहून येणाऱ्या कुटुंबाला ‘सेक्टर १७, अमुक प्लॉट’ एवढेच कळवतो, आणि ते कुटुंब रात्री अकरा वाजता भलत्याच सेक्टर १७ मध्ये भलत्याच सोसायटीच्या फाटकाशी रखवालदाराशी वाद घालत उभे राहते. त्या रात्री त्यांच्या मनात जे बसते ते टांगत्या खुर्चीने पुसले जात नाही. पत्ता पाठवताना नोडचे नाव सर्वांत आधी, मग रेल्वे स्थानक आणि स्थानकाची बाजू, मग सेक्टर, आणि शेवटी रिक्षावाल्याला सांगायची खूण, अशा क्रमाने मराठीत व हिंदीत लिहावा. पाहुण्याचे नाव फाटकावर आधीच कळवलेले असावे आणि रखवालदाराने ‘या, तुमची वाट पाहत होतो’ म्हणावे यासाठी त्याच्याशी नीट बोलून ठेवावे. ठाण्यातही हेच लागू आहे. स्थानकाच्या पूर्वेला उतरायचे की पश्चिमेला, हे न सांगितल्यामुळे सामान घेऊन पुलावरून दोनदा चढउतार केलेला पाहुणा तलावपाळीच्या सुंदर दृश्याकडे पाहण्याच्या मनःस्थितीत नसतो.

या कसोटीची आणखी एक बाजू आहे आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. सजावट प्रत्येक पाहुण्यासाठी सारखीच असते, पण पाहुणे सारख्या कामासाठी येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम झाले तेव्हा आलेला तरुण मध्यरात्री भुकेने परतणार असतो. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोगाचे उपचार व संशोधन केंद्र आहे, तिथे उपचारांसाठी आलेले कुटुंब त्याच सोसायटीत, कदाचित त्याच फ्लॅटमध्ये, पुढच्या आठवड्यात उतरते. पहिल्यासाठी फुगे आणि केक ठेवला तर तो आनंदित होईल. तेच फुगे दुसऱ्या कुटुंबासमोर ठेवणे हा निष्ठुरपणा आहे, आणि ‘सर्वांना हेच स्वागत’ असा नियम केलेल्या घरांत तो निष्ठुरपणा कोणाच्या मनात नसताना घडतो. त्या कुटुंबाला हवा असतो चांगला मिक्सर, कारण रुग्णाला पातळ करून द्यावे लागते. हवी असते स्नानगृहात बसायला एक भक्कम खुर्ची, पलंगाशेजारी हाताला लागेल असे दिव्याचे बटण, आणि लिफ्ट बंद असेल त्या दिवशी आधी मिळालेली सूचना. यातली एकही गोष्ट फोटोत उठून दिसत नाही. तरीही उपचारांच्या पुढच्या फेरीला ते कुटुंब तेच घर मागते.

कशासाठी येता, असा थेट प्रश्न पाहुण्याला विचारू नये, तो आगाऊपणा ठरतो. ‘सकाळी किती वाजता निघायचे आहे आणि बरोबर कोणी वयस्कर किंवा लहान आहे का?’ एवढे विचारले की पुरते. पहाटे चारला निघणाऱ्याला थर्मासमध्ये चहा आणि रात्री ठरवून ठेवलेली रिक्षा हवी असते, आणि उशिरापर्यंत झोपणाऱ्याला खिडकीचा जाड पडदा.

सजावटीची एक वस्तू मात्र अशी आहे जी या बाजूची त्या बाजूला आणता येते, आणि तिचे जे हाल चालले आहेत ते पाहून वाईट वाटते. वारली चित्रे पालघर जिल्ह्याची, आणि तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, म्हणजे ठाण्यातल्या घरात ती लावणे अगदी योग्य आहे. पण लावले जातात ते यंत्रावर छापलेले स्टिकर, ज्यांत हात धरून नाचणारी तीच माणसे चहाच्या कपापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सर्वत्र चिकटवलेली असतात. ज्या कलेसाठी डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तिची ही अवस्था मला सहन होत नाही. एखाद्या वारली चित्रकाराकडून एकच लग्नचौकाचे चित्र पूर्ण मोबदला देऊन घ्यावे, त्याखाली चित्रकाराचे नाव व गाव त्याच्या परवानगीने लिहावे, आणि शेजारी चार ओळींत सांगावे की हा चौक लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, मधली देवी पालघाट आहे आणि जवळच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव आहे. मग पाहुणा त्या चित्रासमोर थांबतो, वाचतो, आणि त्याची मुलगी पाच शिरांचा देव शोधू लागते.

माहितीच्या फाईलबद्दलही सांगणे आवश्यक आहे, कारण ती बहुतेक घरांत असते आणि बहुतेक घरांत निरुपयोगी असते. इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘पाहण्यासारख्या दहा स्थळां’मध्ये गेटवे आणि घारापुरी असतात, ज्यांची माहिती पाहुण्याच्या फोनमध्ये आधीच आहे. काही फायलींत तर खारघरचा पांडवकडा धबधबा पावसाळ्यातले आकर्षण म्हणून छापलेला असतो, जिथे बुडून माणसे गेलेली आहेत आणि पावसाळ्यात जाण्यास बंदी घातली जाते. हा निष्काळजीपणा आहे. त्याऐवजी साधी वही ठेवावी आणि आपल्या हाताने लिहावे, तेही चालत जाता येईल एवढ्याच अंतरातले. नौपाड्यातल्या घरात मामलेदार मिसळीला कोणत्या वेळी गर्दी कमी असते, गडकरी रंगायतनला आज कोणता प्रयोग आहे आणि मध्यंतरात बटाटेवडा घ्यायचा तर कसा. बेलापूरच्या घरात दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात मासळी कधी ताजी असते, आणि ती साफ करून शिजवायला आपल्या स्वयंपाकघरातले कोणते पातेले वापरायचे.

सजावट टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. पाहुणा फोटो पाहूनच निवड करतो, तेव्हा घर नेटके दिसले पाहिजे. पण जागेकडे स्वतःचे काही असेल तर सजावटीने त्याच्या आड येऊ नये. बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी आखले, त्यात सात-सात घरे एका सामायिक अंगणाभोवती मांडलेली आहेत. अशा घरात पाहुण्याला बसायला अंगणात दोन साध्या खुर्च्या द्याव्यात, त्या अंगणावर कृत्रिम हिरवळ अंथरू नये.

शेवटी निरोपाविषयी. पाहुणा रिक्षात बसत नाही तोच पाच तारे मागणारा संदेश पाठवण्याची पद्धत सोडावी. तो घरी पोहोचेपर्यंत थांबावे, आणि मग घर कसे वाटले असे न विचारता, इथे करायचे ठरवले होते पण जमले नाही असे काय राहिले, एवढेच विचारावे. येणारी उत्तरे वहीच्या पुढच्या पानावर उतरवावीत, आणि पुढच्या महिन्यातली खरेदी त्यांतूनच ठरवावी.