शेवटच्या रांगेतला ढोल

ढोल-ताशा पथकाच्या सरावात मी शेवटच्या रांगेत असायचो. ताशा जिवाचे कान करून ऐकायचो, तरी पुढून ओरडा यायचा, ‘मागचे मागे पडतायत!’ हात मंद आहे म्हणून मी स्वतःवरच चिडायचो. दोष खरं तर हवेचा होता.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशा २५ मीटरवर असला, तर त्याचा ठोका माझ्यापर्यंत यायला ७३ मिलिसेकंद लागतात. त्याच्याशी तंतोतंत जुळवून मी टिपरू मारलं, तरी माझा आवाज पुढे पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे ताशेवाल्याला मी जवळजवळ १५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. मिनिटाला १२० ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांतलं अंतरच ५०० मिलिसेकंद!

तसं ऐकून मग वाजवणं कुणालाच जमत नाही. आवाज ऐकून हात हलवेपर्यंतच शे-दीडशे मिलिसेकंद जातात. मेंदू पुढचा ठोका आधीच ताडतो. मेट्रोनोमबरोबर (ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राबरोबर) बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक जण ठोक्याच्या किंचित आधीच आपटतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

अंदाज चुकतोच. मग सावरायचं किती? व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो वाजवणाऱ्या चौघांच्या दोन संचांवरचा ब्रिटनमधला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गणित सांगत होतं, प्रत्येक सोबत्याशी पडलेल्या फरकाचा चौथा हिस्सा पुढच्या सुराला भरून काढावा. वादक सरासरीने त्याच्या आसपासच होते. (एका संचात मुख्य व्हायोलिनवादक इतरांकडे कमी झुकत होती, इतर तिच्याकडे जास्त. ही तऱ्हा आपल्याकडच्या ताशेवाल्यांनाही ओळखीची वाटेल.) दोघांनीही पूर्ण फरक एकदम भरून काढला तर गडबड होते: अरुंद बोळात समोरासमोर आलेले दोघं एकाच वेळी बाजूला सरकावेत, तसं.

आमच्या रांगेला मात्र आधी कान बाजूला ठेवायला शिकावं लागलं. मी ताशेवाल्याच्या मनगटाकडे बघून वाजवू लागलो. ओरडा थांबला. माझ्या कानाला मात्र ताशा दर ठोक्याला मागे राहिल्यासारखा वाटतो, अजूनही.