मोजणीची जुनी साखळी: 33 फुटी, 66 फुटी की 20 मीटरची?

जमीन मोजणीची जुनी साधनं जमवणारे आता बरेच झालेत, पण बहुतेकांची नजर पितळेवर असते. कोन मोजणारा थिओडोलाइट, उंचसखलपणा मोजणारी डंपी लेव्हल, दिशा मोजणारा प्रिझमॅटिक कंपास हे कपाटात शोभून दिसतात ना. साखळी मात्र गंजकी तार म्हणून किलोवर जाते, आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण आपल्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र मुळात तिनेच मोजलेलं आहे.

काठी-पांड-बिघा या जुन्या मापांचा काळ सोडून देऊ. 1830 च्या दशकात इंदापूरकडून जमिनीची नवी सरकारी पाहणी सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात 33 फुटी साखळी रुळली. तिचे भाग 16, म्हणजे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, हाच आपला गुंठा, आणि असे 40 झाले की एकर. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी म्हणजे गुंठ्यातला एक आणा. शंकू (काटकोन आखायचं साधन) आणि साखळी घेऊन होणाऱ्या मोजणीतलं हे गणित इतकं सोपं होतं की जुनी माणसं ते तोंडी करायची.

गोंधळ होतो तो गंटर नावाच्या इंग्रजी साखळीवरून. ती 66 फुटी, 100 कड्यांची, कडी 7.92 इंचांची. आपल्याकडे सापडलेल्या कुठल्याही साखळीखाली सरसकट 'गंटर चेन, ब्रिटिशकालीन' अशी पाटी लागते आणि ते बऱ्याचदा चूक असतं, कारण दशमान आल्यावर 20 मीटरची साखळी निघाली तीही 100 कड्यांचीच, आणि दोघींच्या लांबीत फरक फक्त साधारण 12 सेंटीमीटर! नुसत्या कड्या मोजून काही कळत नाही, गंज आणि ताण यात तेवढा फरक सहज हरवतो. मग पितळी बिल्ले बघायचे. गंटरला दर 10 कड्यांवर दातेरी बिल्ला असतो, मीटरच्या साखळीला दर 5 मीटरवर, म्हणजे 25 कड्यांवर, आणि मधल्या प्रत्येक मीटरला बारीक पितळी कडं. मुठीवर लांबी कोरलेली असते तीही वाचायची, घासून काढायची नाही.

घासण्यावरून जमवणाऱ्यांत कायम वाद. मी न घासणाऱ्यांच्या बाजूचा. थिओडोलाइटच्या अंशांच्या चकतीवर चांदीचा मुलामा आणि केसासारख्या बारीक रेघा असतात, पॉलिश लावलं की त्या जातात, मग उरतो तो नुसता चकचकीत डबा.

हल्ली तर लंडनच्या कारखानदारांची नावं कोरलेल्या नव्या पितळी नकलाही बाजारात भरपूर आहेत. 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरायला साधारणपणे 100 वर्षं लागतात आणि तशी वस्तू आपल्याला परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे पाटीवर काळ नीट लिहिणं हा नुसता हौसेचा मामला नाही. टोटल स्टेशन, रोव्हर ही मोजणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणि ड्रोन आल्यावर साखळ्या अडगळीत गेल्या, आणि जिथे अडगळ साफ होते तिथे 16 आण्यांची साखळी सगळ्यात आधी बाहेर पडते.