सरपंचबाईंच्या जागी नवरा बसू शकतो का?

बाई सरपंच असली तरी कारभार नवऱ्यानं पाहिला तर चालतं, असं यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत अजूनही मानतात. चालत नाही. कायद्यानं नवऱ्याला कुठलाच अधिकार नाही. मासिक सभेचं अध्यक्षस्थान सरपंचाचं, समान मतं पडली तर निर्णायक मतही तिचंच.

खरी नाडी पैशात आहे. केंद्राच्या वित्त आयोगाकडून गावाला मिळणाऱ्या निधीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल सहीनं निघतं. घोळ इथंच होतो: डोंगल, म्हणजे ही सही ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं यंत्र, पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन नवऱ्याकडे. बाई, डोंगल स्वतःच्या ताब्यात घ्या, पिन बदला. बिल आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) जुळल्याशिवाय सही नको. प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, ठरावाखाली कोरी जागा दिसली तर आधी आडवी रेघ मारा, नाहीतर मागाहून तिथं काहीही लिहिलं जातं.