मॅगीचा ‘आय’ आणि डॉईलचे ‘नॅशनल’: जुन्या तंबाखू-कार्डांवरील छपाईच्या चुकांची पार्श्वभूमी

सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून किंचित उंच अशा एका जाड कागदाच्या तुकड्यावर, पांढऱ्या चौकटीत, फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघातील शेरी मॅगी या खेळाडूचे रंगीत मुखचित्र छापलेले आहे आणि त्याखाली तपकिरी शाईत त्याचे आडनाव आहे. त्या आडनावात शेवटून दुसरे अक्षर ‘ई’ असायला हवे होते, तिथे ‘आय’ पडला आहे. देवनागरीत लिहिताना दोन्ही रूपे सारखीच दिसतील. रोमन लिपीत मात्र त्या एका अक्षरामुळे एक सामान्य कार्ड १९०९ ते १९११ च्या एका गाजलेल्या तंबाखू-कार्डमालिकेतील सर्वांत दुर्मीळ मानल्या जाणाऱ्या चार कार्डांपैकी एक ठरले. मॅगी काही अनोळखी खेळाडू नव्हता. तो १९०४ पासून फिलाडेल्फियाकडून खेळत होता आणि १९१० साली ०.३३१ च्या सरासरीने त्याने नॅशनल लीगमधील (अमेरिकी बेसबॉलच्या दोन मुख्य लीगांपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) फलंदाजीचे अव्वल स्थान पटकावले. तरीही मुद्राराक्षसाने डाव साधलाच.

अशी चूक खरी कोणती, भासमान कोणती आणि नंतर कोणी हाताने घडवलेली कोणती, हे ओळखायचे असेल, तर ही कार्डे कशासाठी निघाली आणि कशी छापली गेली याकडे आधी वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ वेष्टनात मिळत. त्या चेपू नयेत म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालण्यात येई, आणि त्या कोऱ्या तुकड्यावर नट्या, पक्षी, राष्ट्रध्वज, मुष्टियोद्धे किंवा बेसबॉलपटू छापले तर गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपल्याकडूनच घेईल, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीची रंगीत कार्डे आणि न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीची ‘ओल्ड जज’ कार्डे ही त्या पहिल्या लाटेतील. ‘ओल्ड जज’ हे पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे छायाचित्र असे. खेळाडूला स्टुडिओत उभे करून, दोरीला टांगलेला चेंडू जणू हवेतच आहे असे भासवून ते टिपले जाई. त्यांवरही नावांच्या चुका भरपूर आहेत. मात्र त्या छायाचित्राबरोबर आलेल्या चुका आहेत. छपाईयंत्राचा त्यांत हात नाही, म्हणून त्यांची तपासणी वेगळ्या रीतीने करावी लागते.

१८९० साली जेम्स ड्यूक याने पाच मोठ्या कंपन्या एकत्र आणून अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन केली. स्पर्धक उरले नाहीत तेव्हा पाकिटात चित्र घालण्याची गरजही ओसरली, आणि कार्डांचा ओघ काही वर्षे आटला. तो पुन्हा जोरात सुरू झाला १९०९ साली. १९०९ ते १९११ या काळात पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, ओल्ड मिल, हिंदू, पोलर बेअर अशा अनेक छापांच्या (ब्रँडांच्या) तंबाखूबरोबर बेसबॉलपटूंची जी पांढऱ्या चौकटीची मालिका वाटली गेली, तिला आज ‘टी-२०६’ म्हणतात. हे नाव कंपनीने दिलेले नाही. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजचे संग्राहक जेफर्सन बर्डिक यांनी आपल्या कार्डसूचीत विसाव्या शतकातील अमेरिकी तंबाखू-कार्डांसाठी ‘टी’ आणि एकोणिसाव्या शतकातील कार्डांसाठी ‘एन’ ही अक्षरे वापरली, त्यातून हा क्रमांक आला. संधिवाताने हात आखडत चाललेले बर्डिक आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये स्वतः वह्यांत चिकटवत राहिले. ते काम १९६३ च्या आरंभी पुरे झाले आणि त्याच वर्षी ते वारले. प्रचलित मोजणीनुसार या मालिकेत ५२४ कार्डे आहेत. या मोजणीत चुकीचा आणि दुरुस्त असे दोन्ही मॅगी स्वतंत्र धरलेले आहेत, म्हणजे चूक हीच सूचीतील एक नोंद होऊन बसली आहे.

छपाईचे काम अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीकडे होते आणि ते शिळाछपाईच्या रंगीत पद्धतीने होई. मराठी वाचकाला ही पद्धत परकी नाही. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीही अशाच, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरून उतरल्या. कलाकार मूळ छायाचित्र समोर ठेवून, कोणत्या रंगाचे ठिपके कुठे दाट आणि कुठे विरळ, हे ठरवून प्रत्येक रंगाची आकृती हाताने रेखाटे. मग त्या आकृतीचे अनेक ठसे मोठ्या छपाईच्या दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर ओळीने बसवले जात. ताव एकामागून एक रंगांतून जाई आणि प्रत्येक वेळी तो आधीच्या रंगावर नेमका बसावा म्हणून तावाच्या कडेला खुणा असत. नाव व गाव सांगणारी ओळ तपकिरी शाईच्या फेरीत येई. मॅगीचा ‘आय’ केवळ या एका फेरीतला आहे. त्यामुळे त्याचा चेहरा, सदरा आणि मागील रंग चुकीच्या व दुरुस्त कार्डांवर एकसारखेच राहिले.

कार्डाच्या दर्शनी बाजूपेक्षा पाठ अधिक बोलते, असे माझे मत आहे. पाठीवर छापाची जाहिरात असे, आणि करवसुलीच्या नियमांमुळे कारखान्याचा क्रमांक व महसूल जिल्हा छापलेला असे, उदाहरणार्थ ‘कारखाना क्रमांक २५, दुसरा जिल्हा, व्हर्जिनिया’. शिवाय अनेक पाठींवर मालिकेत किती चित्रे आहेत याचा आकडा असे: आधी १५०, मग ३५०, शेवटी ४६०. हा आकडा म्हणजे त्या कार्डाचा जन्मकाळच. चुकीचा मॅगी फक्त पीडमाँटच्या ‘१५०’ पाठीसह आढळतो, कारण चूक अगदी आरंभीच ध्यानात आली आणि पुढच्या छपाईत नाव सुधारले गेले. म्हणून ‘आय’ असलेले नाव आणि मागे स्वीट कॅपोरलची लाल जाहिरात असे कार्ड कोणी दाखवले, तर अक्षराकडे भिंग नेण्याचीही गरज नाही. पाठच त्याला खोटे ठरवते.

दुसरे उदाहरण जो डॉईलचे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दोन डॉईल खेळत होते: जायंट्स या नॅशनल लीगच्या संघातील लॅरी डॉईल, आणि पुढे यँकीज म्हणून ओळखल्या गेलेल्या हायलँडर्स या अमेरिकन लीगच्या संघातील गोलंदाज जो डॉईल, जो दोन चेंडूंमध्ये फार वेळ घेत असल्यामुळे ‘स्लो जो’ म्हणून ओळखला जाई. हात डोक्यावर नेलेल्या जो डॉईलच्या कार्डावर छपाईवाल्यांनी न्यूयॉर्कपुढे ‘नॅशनल’चे संक्षिप्त रूप छापले. दुरुस्ती करताना ‘अमेरिकन’ न लिहिता ते संक्षिप्त रूप काढून टाकले, आणि उरले नुसते ‘डॉईल, न्यूयॉर्क’. एका अक्षराच्या जागी दुसरे बसवण्यापेक्षा दगडावरून चार अक्षरे खरवडणे सोपे असते, म्हणून त्यांनी हा मार्ग धरला असावा. चुकीची प्रत पीडमाँटच्या ‘३५०’ पाठीसहच मिळते आणि अशा मोजक्याच प्रती ठाऊक आहेत. साहजिकच, साध्या डॉईलच्या कार्डावर ‘नॅशनल’ची अक्षरे नंतर जोडण्याचे प्रकार घडले आणि घडतात.

या दोन कार्डांवर नुसते अक्षर हललेले नाही, माहिती चुकलेली आहे. आणखी एक गट असा आहे की ज्याला नवखा संग्राहक हमखास चूक समजतो आणि ज्यात चूक मुळीच नाही. रे डेमिट आणि बिल ओहारा हे न्यूयॉर्कच्या दोन वेगवेगळ्या संघांतून सेंट लुईसच्या दोन वेगवेगळ्या संघांत गेले, म्हणून त्यांच्या कार्डांवरील गाव बदलले. सेंट लुईस लिहिलेली ही कार्डे फक्त पोलर बेअरच्या पाठीसह मिळतात. पोलर बेअर हा सुटा तंबाखू होता, कार्ड थेट त्या पुडीतच पडलेले असे, त्यामुळे अशा कार्डांवरचे तपकिरी डाग हा दोष असला तरी एका अर्थी तो त्यांचा जन्मदाखलाही आहे. बिल डालेनचे बॉस्टन व ब्रुकलिन, किड एल्बरफेल्डचे न्यूयॉर्क व वॉशिंग्टन, आणि जॉनी एव्हर्सच्या सदऱ्यावर एका कार्डात ‘शिकागो’ तर दुसऱ्यात ‘कब्ज’ (शिकागोच्याच त्या संघाचे नाव) हेही असेच बदल होत. एव्हर्सचा अपवाद सोडला, तर खेळाडू बदल्या घेत होते आणि छापखाना त्यांच्यामागे धावत होता, एवढाच त्यांचा अर्थ. यांना ‘चूक’ न म्हणता ‘पाठभेद’ म्हणावे.

तिसरा गट यंत्राचा. फ्रेड स्नॉडग्रासच्या एका कार्डावर आडनावाचे पहिलेच अक्षर उमटलेले नाही, म्हणून संग्राहक त्याला गमतीने ‘नॉडग्रास’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या मरेच्या नावातील ‘ए’ असाच तुटका उमटून तिथे केवळ स्वल्पविरामासारखी खूण राहिली. स्नॉडग्रासचे नशीबच थोडे असे दिसते, कारण १९१२ च्या बेसबॉल जागतिक मालिकेच्या (वर्ल्ड सिरीज) निर्णायक सामन्यात हातातून सुटलेला झेल त्याला जन्मभर चिकटून राहिला. कार्डावरील त्या अक्षराच्या बाबतीत मात्र पाहण्यासारखी गोष्ट ही, की अक्षर एकदम नाहीसे झालेले नाही. काही प्रतींवर ते पूर्ण आहे, काहींवर अर्धे, आणि काहींवर नाही. दगडावरील अक्षर झिजत गेले की मध्ये काही कचरा येऊन शाई अडली की असे टप्पे दिसतात. खोडरबराने किंवा रसायनाने पुसलेल्या अक्षराला असे सोबती नसतात, आणि त्या जागी कागदाचा गुळगुळीत थर विस्कटलेला दिसतो. माझ्या मते या गटातील कार्डांना बाजाराने जी किंमत दिली आहे ती फार लहरी आहे. एका झिजक्या अक्षराला सूचीत जागा मिळते आणि शेजारच्या कार्डावरील तितक्याच झिजक्या अक्षराला कोणी विचारत नाही.

रंगाच्या चुका ओळखण्याचा मार्ग याहून सरळ आहे, कारण प्रत्येक रंग पूर्ण तावावर फिरतो. तांबड्या रंगाची फेरी चुकली असेल, तर टोपीवरील अक्षर, ओठ, गालांवरची लाली आणि पार्श्वभूमीतील तांबूस छटा, सगळेच एकदम गळते. टोपीवरील अक्षर गेले आहे पण ओठ तांबडे आहेत, असे दिसल्यास उन्हाचा, पाण्याचा किंवा माणसाच्या हाताचा संशय आधी घ्यावा. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरील जुळणी, हलल्यामुळे आलेले दुहेरी ओठ, कापणी सरकल्यामुळे वर एका खेळाडूचे नाव आणि खाली दुसऱ्याचे, ओल्या तावाची शाई लागून पाठीवर उमटलेले उलटे चित्र, उलटी पाठ, कोरी पाठ हे सारे छापखान्यातले नित्याचे अपघात होते. त्यांतील पुष्कळ नग पाकिटात गेलेच नाहीत. ते छपाईच्या रद्दीतून वाचलेले ताव आहेत, जे पुढे कोणी तरी हाताने कापले. अशा नगाला कडा नीट नसतात आणि आकारही थोडा अनियमित असतो.

आकारावरून निकाल देतानाही सावधपणा हवा. अमेरिकन ब्यूटी या छापाचे पाकीट अरुंद होते, म्हणून त्याची कार्डे मुळातच इतरांपेक्षा थोडी कमी रुंद कापली गेली. ती मोजून ‘कडा छाटलेल्या’ ठरवणे अन्यायाचे होईल. याउलट बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे याच मालिकेतील ते गाजलेले कार्ड. वॅग्नरने आपले चित्र वापरण्यास परवानगी नाकारल्यामुळे ते लवकर मागे घेतले गेले, म्हणजे दुर्मीळ असूनही ते छपाईची चूक नव्हे. त्याची एक प्रत आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे तेव्हाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ साली ४,५१,००० डॉलरना घेतली आणि ती पीएसए या दर्जा देणाऱ्या संस्थेच्या हातून गेलेले पहिले कार्ड ठरली, दर्जा दहापैकी ८. ती प्रत पूर्वी विकणारा कार्ड-व्यापारी बिल मॅस्ट्रो याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले, की आपण तिच्या कडा छाटल्या होत्या.

पुनर्मुद्रित नकली कार्ड ओळखायला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंगही पुरते. मूळ कार्डावरील चित्र हाताने टाकलेल्या अनियमित ठिपक्यांचे असते आणि नावाची ओळ सलग शाईची असते. अलीकडच्या ऑफसेट नकलेत मात्र नावासह सारे काही यंत्राच्या नियमित, फुलासारख्या ठिपक्यांच्या जाळीत उमटते. खऱ्या चुकीच्या मॅगीचा ‘आय’ म्हणूनच शेजारच्या अक्षरांइतका भरीव, त्याच तपकिरी छटेचा आणि त्यांच्याच उंचीचा हवा.

या मालिकेचा पूर्ण, न कापलेला ताव आज उपलब्ध नाही. वॅग्नरसह पाच कार्डांची एक पट्टी तेवढी उरली आहे. १९११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अमेरिकन टोबॅको कंपनी मोडण्याचा निकाल दिला, आणि त्या सुमारास ही मालिकाही थांबली. आता संग्राहक एक वेगळेच काम करीत आहेत. छपाईच्या पत्र्यावर पडलेला एखादा लांब ओरखडा एका कार्डाच्या पाठीवरून शेजारच्या कार्डाच्या पाठीवर जातो, आणि अशा ओरखड्यांची टोके जुळवून कोणता खेळाडू तावावर कोणाशेजारी बसला होता, याचे नकाशे ते पुन्हा रचतात. या कामात ज्या प्रतींवर ओरखडा नाही, त्या निर्दोष प्रतींचा फारसा उपयोग होत नाही.