तोंडातील साध्या गाठी : निदानामागची पार्श्वभूमी

गालाच्या आत किंवा हिरडीवर गाठ लागली की इंदूरच्या मराठी घरांत पहिली शंका कर्करोगाची येते. गुटखा-सुपारीच्या या प्रदेशात ती निराधार म्हणता येत नाही. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली ती उगाच नव्हे. तरीही तोंडातील अनेक गाठी साध्या असतात, आणि हे खात्रीने सांगण्याची सोय वैद्यकाला फार उशिरा लाभली.

सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग ओठ, हिरड्या, जीभ, टाळू अशा स्थानांनुसार मांडले आहेत. निरीक्षण बारीक होते, पण त्याची साधने डोळे आणि बोटे एवढीच होती. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक रुळल्यावर गाठीच्या आतले दिसू लागले, मात्र दिसले त्याचा अर्थ लगेच लागला नाही. चटकन रक्त येणाऱ्या लाल गाठीला पोन्से आणि डोर या फ्रेंच वैद्यांनी १८९७ मध्ये घोड्यांच्या एका रोगासारखी बुरशीची बाधा मानले; १९०४ मध्ये हार्टझेल यांनी तिला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा हे नाव दिले आणि तेव्हाही पू करणाऱ्या जंतूंवरच संशय होता. प्रत्यक्षात ती दातांवरचे कीटण, सततचे घर्षण किंवा गरोदरपणातील संप्रेरके यांना ऊतींनी दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया असते.

माझ्या मते खरा पालट या उलगड्याने झाला, हत्यारांनी नव्हे. कीटण तसेच ठेवून हिरडीवरची गाठ कापली तर ती पुन्हा उगवते. सैल कवळीच्या कडेने वाढलेला मांसाचा पदर काढल्यावर कवळीही दुरुस्त करावी लागते. खालच्या ओठातील लाळेचा फुगा काढताना शेजारच्या बारीक लाळग्रंथी सोडल्या तर तो परततो. आणि गरोदरपणातील गाठ फार त्रास देत नसेल तर प्रसूतीपर्यंत थांबणेच बहुधा शहाणपणाचे असते. १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे सी. कुमार एन. पटेल बारामतीत जन्मले होते, हे जाता जाता सांगायला हवे. त्या लेसरने गाठ कापली तर रक्तस्राव कमी होतो, पण कारण शोधण्याचे काम उरतेच.

इंदुरात वैद्यकीय शिक्षण १८७८ पासून असले, तरी शासकीय दंतमहाविद्यालय १९६१ मध्ये निघाले. कापलेली गाठ कितीही निरुपद्रवी दिसली तरी ती फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात घालून तपासणीला पाठवावी, आणि कारण दूर करूनही दोन आठवड्यांत न ओसरणाऱ्या गाठीचा तुकडा तपासून घ्यावा, असा आजचा प्रघात आहे.