नाशिक
नाशिक (नासिक) : गोदावरीच्या दोन्ही काठांवर वसलेले महाराष्ट्रातील प्राचीन नगर, तीर्थक्षेत्र व नाशिक जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या 14,86,053 (2011). त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे 30 किमी. वाहत येऊन शहरात शिरते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. उजव्या तीरावर जुने नाशिक, डाव्या तीरावर पंचवटी. नदीला येथे सगळे ‘गंगा’च म्हणतात, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडाकडे जाऊन येतो.

नाव : नावाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक (नासिका) येथे कापले म्हणून नासिक, ही सर्वांत प्रचलित समजूत. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ या म्हणीच्या आधारे ‘नवशिख’ म्हणजे नऊ शिखरांचे गाव, असे दुसरे मत मांडले जाते. जुनी गढी, पठाणपुरा, जोगवाडा, डिंगर आळी, सोनार आळी, चित्रघंटा ही टेके आजही चढ-उतारांवरून ओळखता येतात, त्यामुळे या मताला स्थानिकांचा ओढा अधिक. नदीच्या वळणात नाकासारखा पुढे आलेला उंचवटा हे नावाचे मूळ असावे, असाही एक तर्क आहे.

याबाबत व्याकरणाची साक्ष महत्त्वाची ठरते. ‘य’ प्रत्ययापूर्वी ‘नासिका’ शब्दाला ‘नस्’ असा आदेश होतो (त्याच्या जागी ‘नस्’ येते), मात्र वर्ण (ध्वनी) आणि नगर यांच्या बाबतीत तो होत नाही, असे पतंजलीच्या महाभाष्यात (6.1.63) नोंदविले असून ‘नासिक्यो वर्णः’ व ‘नासिक्यं नगरम्’ अशी उदाहरणे दिली आहेत. म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास हे नाव वैयाकरणांना परिचित होते आणि ते त्याचा संबंध नाकाशीच जोडत होते. साधारण त्याच काळातील वा थोड्या नंतरच्या प्राकृत लेखांतही ‘नासिक’ हेच रूप आढळते. ‘नवशिख’पासून इतक्या लवकर ‘नासिक’ होणे ध्वनिदृष्ट्या अवघड असल्याने ती व्युत्पत्ती मागाहून सुचलेली वाटते. शूर्पणखेच्या कथेने नाव दिले की आधीच्या नावाने कथेला येथे ओढून आणले, हा प्रश्न वेगळा. दुसरी शक्यता अधिक दिसते. रामायणातील पंचवटी ती हीच की आणखी दक्षिणेकडची, यावरही अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापारात जनस्थान व कलियुगात नासिक, अशी नामावली सांगणारा श्लोक क्षेत्रोपाध्यांच्या तोंडी असतो. मोगल अमलात शहराचे नाव गुलशनाबाद होते. पेशवाईत जुने नाव पुन्हा रूढ झाले.

प्राचीन इतिहास : गंगापूर परिसरात अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. 1950–51 मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी मातीच्या गढीवर केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघडकीस आले. टॉलेमीच्या भूगोलात ‘नासिक’ येते.

शहराच्या दक्षिणेस सुमारे 8 किमी.वरील पांडवलेणी (त्रिरश्मी, लेखांत ‘तिरण्हु’) हा या भागाच्या इतिहासाचा मुख्य आधार. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. ही 24 लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली. लेणे क्र. 19 सातवाहन राजा कन्ह (कृष्ण) याच्या काळात नाशिकच्या श्रमणांसंबंधीच्या महामात्राने (अधिकाऱ्याने) करविले. चैत्यगृहाच्या (प्रार्थनागृह, क्र. 18) दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे.

क्र. 10 हे क्षहरात घराण्यातील क्षत्रप (प्रांताधिपती) नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींत (व्यावसायिक संघांत) त्याने 2,000 व 1,000 कार्षापण (त्या काळचे नाणे) कायम ठेवीने गुंतविले. पहिल्या ठेवीवर व्याज शेकडा एक, दुसरीवर पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज उपभोगायचे. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी (वस्त्रांसाठी) मिळावेत, अशी व्यवस्था होती. दरमहा शेकडा एक धरल्यास वर्षाचे व्याज 240 होते आणि 20 भिक्षूंचा हिशेब नेमका जुळतो. व्याजाचा दर मासिक होता हे यावरून उघड दिसते. हा करार निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवून फलकावर नोंदविला गेला. या लेखांतील 41, 42, 45 ही वर्षे कोणत्या गणनेतील, हा जुना वाद आहे. ती शककालाची मानल्यास नहपान इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात येतो. अलीकडे अनेक नाणेतज्ज्ञ त्याला पहिल्या शतकात नेतात.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. जोगलटेंभी येथे 1906 मध्ये मिळालेल्या नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला आहे. लेणे क्र. 3 मधील त्याच्या 24 व्या राज्यवर्षाचा लेख मराठी वाचकाने मुळातूनच पाहावा. भिक्षूंना पूर्वी कखडी गावी दिलेले शेत निरुपयोगी ठरले, कारण ‘त च खेतं न कसते सो च गामो न वसति’ : ते शेत कसले जात नाही, ते गावही वसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून 100 निवर्तने (जमिनीचे जुने माप) द्यावीत, असा हुकूम आहे. कसणे आणि वसणे ही क्रियापदे आजही तशीच चालतात. याच लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीने पुत्राची कोरविलेली प्रशस्ती आहे (गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याचे 19 वे राज्यवर्ष).

मध्ययुग व पेशवाई : यादव, बहमनी, निजामशाही व मोगल असे अंमल येऊन गेल्यावर अठराव्या शतकाच्या मध्यास शहर मराठ्यांकडे आले. आजच्या जुन्या नाशिकचे रूप मुख्यतः पेशवाईतले. नारोशंकराचे देऊळ (1747), सुंदरनारायण (1756) व सरदार ओढेकरांनी 1790 च्या आसपास पूर्ण केलेले काळाराम मंदिर ही प्रमुख. काळारामासाठी रामशेजचा काळा दगड वापरला आहे. नारोशंकराची घंटा वसईच्या स्वारीतून आणलेली पोर्तुगीज घंटा असल्याचे मानतात. सिंहस्थात शैवांनी त्र्यंबकच्या कुशावर्तात व वैष्णवांनी रामकुंडात स्नान करावे, ही विभागणी त्र्यंबक येथील रक्तपातानंतर पेशव्यांनी घालून दिली.

आधुनिक काळ : इंग्रजी अंमल 1818 पासून. सार्वजनिक वाचनालय 1840 चे. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालविला. सत्याग्रह काही वर्षे चालूनही दार उघडले नाही, आणि 1935 मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. काळारामाच्या इतिहासातले हे प्रकरण बांधकामाच्या तपशिलापेक्षा मोठे आहे. नाशिकरोडचा प्रतिभूती मुद्रणालय कारखाना 1925 चा. महानगरपालिका 1982 पासून.

वि. वा. शिरवाडकर (कुसुमाग्रज) यांचे वास्तव्य येथेच होते. त्यांच्या प्रतिष्ठानाचा जनस्थान पुरस्कार 1991 पासून दिला जातो. दादासाहेब फाळके यांचे निधन नाशकात झाले (1944).

उत्सव व घाट : रंगपंचमीच्या रहाडी हे शहराचे खास वैशिष्ट्य. पेशवेकालीन समजले जाणारे हे दगडी हौद वर्षभर लाकडे व माती टाकून बुजविलेले असतात, वरून रहदारी चालते. रंगपंचमीला उघडून पूजा करून रंगाने भरतात आणि लोक त्यांत धप्पा मारतात (उडी घेतात). प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. चैत्रात कामदा एकादशीला राम व गरुड यांचे रथ निघतात. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पावसाळ्यात पुराचे माप ठरतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी शहरभर फिरते. 1969 व 2008 चे पूर मोठे मानले जातात. पाणी वाढू लागले की भांडीबाजारातले दुकानदार माल हलवायला घेतात.