लोगोमागचा पांढरा चौकोन आला कुठून?

घणसोली, ऐरोली, कळव्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा आता यूट्यूबवर लाइव्ह दिसतात. स्कोअरपट्टीच्या दोन टोकांना दोन संघांचे लोगो असतात आणि त्यातला एखादा हमखास पांढऱ्या चौकोनात अडकलेला. तोच लोगो काळ्या जर्सीवर छापायला गेला की मंडळाची पोरं आणि प्रिंटरवाला यांची जुंपते.

स्क्रीन प्रिंटिंगच्या जमान्यात हे भांडण नव्हतं. प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म निघायची. फिल्मवर जिथे काळं, तिथलं इमल्शन, म्हणजे जाळीवर लावलेला प्रकाशाने कडक होणारा लेप, कडक होत नाही. पाण्याने धुतलं की जाळी मोकळी होते आणि शाई तेवढ्याच भागातून उतरते. मागे काही नसायचंच, मग काढायचं काय?

चौकोन आला तो इमेज फाइलबरोबर. फाइल आयताकृती, आणि तिच्यातल्या प्रत्येक पिक्सेलला लाल-हिरव्या-निळ्याचा कुठला तरी आकडा द्यावाच लागतो. 'इथे काहीच नाही' हे सांगायची सोय त्या तीन आकड्यांत नाही. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात चौथा आकडा जोडला, तो अल्फा: पिक्सेल किती दिसावा हे सांगणारा. लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्ये एका चित्रावर दुसरं ठेवण्याचं पूर्ण गणित मांडलं. या कामासाठी चौघांना 1996 मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

सामान्य माणसापर्यंत ही सोय अर्धवट पोचली. 1989 च्या जीआयएफ या फाइलप्रकारात एक रंग पारदर्शक करता यायचा, पण पिक्सेल एकतर पूर्ण दिसणार नाहीतर पूर्ण गायब. गोल लोगोची कड करवतीसारखी दिसायची. 1996 मध्ये आलेल्या पीएनजी या प्रकारात पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या मिळतात. तरी इंटरनेट एक्सप्लोरर 6 या ब्राउझरला त्या नीट दाखवता येत नव्हत्या. 2006 च्या सातव्या आवृत्तीत ते जमलं. आणि जेपीईजी या फोटोंच्या फाइलप्रकारात अल्फाला जागाच नाही. व्हॉट्सॲपवर लोगो फोटो म्हणून पाठवला की त्याचा जेपीईजी होतो आणि मागे पांढरं किंवा काळं भरलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर पीएनजी जशीच्या तशी जाते. बहुतेक चौकोन इथेच जन्मतात.

चौकोन काढला तरी कडेला पांढरी रेघ उरते ती का? मूळ लोगोचा लाल समजा 200, 0, 0. कडेच्या पिक्सेलमध्ये तो पांढऱ्यात निम्मा मिसळलेला असतो, म्हणजे साधारण 228, 128, 128: गुलाबी. फोटोशॉपमधलं एका रंगाचा भाग निवडणारं हत्यार, मॅजिक वाँड, शुद्ध पांढरं उचलते, हा गुलाबी मागे राहतो. पांढऱ्या जर्सीवर तो कळत नाही, काळ्यावर लगेच डोळ्यात भरतो. फोटोशॉपमध्ये लेयर मेनूच्या मॅटिंगमधलं 'रिमूव्ह व्हाइट मॅट' पिक्सेलमधला पांढऱ्याचा वाटा वजा करतं. ते न जमल्यास सिलेक्शन एक पिक्सेल आत घ्यावं.

'कंटिग्युअस'ची खूण चालू असेल तर वाँड फक्त सलग पांढरं घेते. 'ठाणे'तल्या 'ठ'चं पोट बंदिस्त असल्याने ते पांढरंच राहतं. तिथे शिफ्ट दाबून वेगळं क्लिक करावं लागतं. खूण काढली तर पोट जातं, पण सोबत लोगोतला पांढरा चेंडू आणि वाघाचे दातही जातात. खूण चालूच ठेवा. दोन क्लिक जास्त, इतकंच.

डीटीएफ छपाईत (आधी फिल्मवर छापून मग कापडावर चिकटवायची पद्धत) मात्र मऊ, म्हणजे अर्धपारदर्शक कडाच नडते. प्रत्येक रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर जातो. अर्धपारदर्शक पिक्सेलखाली त्याचे विरळ ठिपके पडतात, त्यांवर चिकटवणारी पावडर नीट धरत नाही आणि कड खरखरीत होते. म्हणून स्कोअरपट्टीसाठी मऊ कडेची फाइल आणि डीटीएफसाठी स्वच्छ कापलेल्या कडेची, अशा दोन ठेवाव्यात. छातीवरच्या तीन इंची लोगोला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 900 पिक्सेल हवेत.

आपोआप बॅकग्राउंड काढणारी ॲप आता फुकट मिळतात. माणसाच्या फोटोवर ती छान चालतात. लोगोत मात्र त्यांना मुख्य वस्तू कुठली ते ठरवता येत नाही, आणि खालचं बारीक स्थापना वर्ष उडून जातं. त्याआधी लोगो ज्याने केला त्याच्याकडे कोरल ड्रॉची मूळ फाइल मागून पाहावी. तिच्यात आकार रेषांनी साठवलेले असतात, मागचा चौकोन कुणी मुद्दाम आखला असेल तरच असतो, आणि हवी ती पीएनजी दोन मिनिटांत निघते.